रोज दोनदा पाणी घातलं, तरी रोपं गेली

ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. गेल्या वर्षी दोन विषय राहिले तेव्हापासून झोप नीट लागत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. मैत्रीण म्हणाली, झाडं लाव, मन रमेल. तीन रोपं आणली. रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातलं, तरी महिनाभरात तिन्ही गेली. माझ्या हातून एक रोपसुद्धा जगत नाही.
– हिरमुसलेली

प्रिय हिरमुसलेली,

तुझी रोपं बहुतेक जास्त पाण्याने गेली. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आणि आपण आणखी पाणी ओततो. घरात झाडं लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची सुरुवातीला हीच चूक होते. तुझा हात वाईट नाही गं. काळजी उतू गेली, एवढंच.

मैत्रिणीचा सल्ला मात्र खरा होता. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 30 जणांना आधी ताण येईल असं काम दिलं. मग निम्म्यांनी अर्धा तास बागेत हलकं काम केलं, निम्म्यांनी घरात बसून वाचलं. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दोन्हीकडे उतरलं, पण बागेतल्यांचं जास्त. ती माणसं मुळातच बागेची आवड असलेली होती, त्यामुळे प्रत्येकाला तेवढाच गुण येईल असं मी म्हणणार नाही. पण हात मातीत असताना डोकं निकालाच्या मागे फारसं धावत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

म्हणून पुन्हा लाव, पण या वेळी एकच. मनी प्लांटची फांदी पेराच्या, म्हणजे पान जिथून फुटतं त्या गाठीच्या, खाली काप, पेर पाण्यात बुडेल पण पान बुडणार नाही अशी बाटलीत ठेव आणि पाणी आठवड्याने बदल. साधारण दोन-तीन आठवड्यांत पेरापाशी पांढरं मूळ दिसेल. ते बोटाएवढं झालं की तळाला भोक असलेल्या कुंडीत लाव. मग पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघ. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. काहीच न करण्याचे हे दिवस तुला जड जातील. ते जाऊ देत. आणि जमलं तर होस्टेलमधल्या आणखी एखादीला सोबत घे, एकटीने खोलीत बसून करू नकोस.

आता झोपेचं आणि धडधडीचं. इथे झाडावर विसंबू नकोस. हा त्रास इतके महिने चाललाय, तर याच आठवड्यात कॉलेजच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेट. राहिलेल्या विषयांबद्दल शिक्षकांशी बोलणं त्यानंतरही होईल. आणि जगणंच नको असा विचार कधी मनात डोकावला, तर त्याच क्षणी जवळच्या कुणाला तरी उठवून सांग, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

भेटून आलीस की मला लिही. मूळ फुटलं का तेही लिही, आणि नाही फुटलं तर बाटली कुठे ठेवली होतीस ते सांग, आपण जागा बदलून बघू.

– तुझी ताई