शॅननला येताय? ट्रेनिंग ऑडिटबद्दल थोडं

तुमचा प्रश्न असा: नागपूरला मिहानच्या हँगरमध्ये सहा वर्षं क्वालिटीत काढली, आता आयर्लंडमधल्या शॅननच्या विमान मेंटेनन्स कंपनीची ऑफर आहे, तर ट्रेनिंग ऑडिटचा, म्हणजे कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग तपासण्याचा तो अनुभव इथे चालेल का? चालेल. पण एका ठिकाणी अडाल, मीही तिथेच अडलो होतो.

नियम नवखे वाटणार नाहीत, विमान मेंटेनन्स कंपन्यांसाठीचं आपलं सीएआर-१४५ युरोपच्या पार्ट-१४५ या नियमाच्याच धर्तीवरचं आहे. डीजीसीएच्या (भारतीय विमान वाहतूक नियामकाच्या) लायसन्सवर मात्र इथे विमान रिलीज करता येत नाही, म्हणजे दुरुस्तीनंतर ते उडायला योग्य आहे अशी सही करता येत नाही; त्यासाठी पार्ट-६६ हे युरोपचं लायसन्स लागतं. ऑडिटरला रिलीजची सही करायची नसते, त्यामुळे त्याची आत्ता चिंता नको. २ डिसेंबर २०२२ पासून इथल्या पार्ट-१४५ कंपन्यांना सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम (धोके आधीच ओळखून आवरायची पद्धत) लागू झाली, जुळवून घ्यायची मुदत २०२४च्या डिसेंबरपर्यंत होती. कामाचं स्वरूप बदललं ते तेव्हापासून.

सर्टिफाइंग स्टाफला, म्हणजे रिलीजची सही करणाऱ्यांना, दर दोन वर्षांत रिकरंट (उजळणीचं) ट्रेनिंग झालंच पाहिजे. ते झालं का, हे हजेरीपत्रकावरून कळतं. पण ट्रेनिंग लागू पडलं का, हे हजेरीपत्रक कधीच सांगत नाही. अडाल ते इथेच. आधीच्या एका कंपनीत मी ह्युमन फॅक्टर्सच्या, म्हणजे माणसाच्या हातून चुका का होतात याच्या, ऑनलाइन कोर्सचे रेकॉर्ड तपासत होतो. सगळे पास, सगळ्यांची सर्टिफिकेटं जागेवर. सहज म्हणून लॉगिनच्या वेळा मागवल्या, तर चाळीस मिनिटांचा कोर्स कित्येकांनी सहा-सात मिनिटांत उरकला होता. त्याआधी दोनदा मीच त्या रेकॉर्डला क्लीन म्हणून सही केली होती. ते अजून टोचतं.

तेव्हापासून मी उलट्या टोकाने सुरू करतो. आधी गेल्या वर्षभराचे ऑकरन्स रिपोर्ट (घडलेल्या चुका-घटनांच्या नोंदी) काढतो. समजा, शिफ्ट बदलताना अर्धवट राहिलेलं काम सांगायचं राहून गेलं, असा रिपोर्ट आहे. मग बघायचं, ही गोष्ट पुढच्या रिकरंट ट्रेनिंगमध्ये आली का? आली असेल तर रात्रपाळीला हँगरमध्ये जायचं, हँडओव्हर चालू असताना बाजूला उभं राहायचं. नंतर एखाद्या मेकॅनिकला शांतपणे विचारायचं, "तुझ्या हातून काही राहिलं तर कुणाला सांगशील?" त्याने सुपरवायझरकडे बघून उत्तर दिलं, तर तेही नोंदवा. लोक रिपोर्ट करायला घाबरतात, हे ट्रेनिंगचंच अपयश आहे. फक्त त्या मेकॅनिकचं नाव फाइंडिंगमध्ये, म्हणजे ऑडिटात नोंदवलेल्या त्रुटीत, येऊ देऊ नका. ते आलं, की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

लहान कंपनीत कोर्स शिकवणारा आणि तपासणारा एकच माणूस निघतो. तुमच्यावर तशी वेळ आली तर लेखी नकार द्या. आपल्याच कामाचं ऑडिट आपण करायचं नसतं.

इंटरव्ह्यूत बहुधा विचारतील, "ट्रेनिंग परिणामकारक आहे हे कशावरून ठरवाल?" तेव्हा कलमांचे आकडे सांगू नका, मिहानमध्ये स्वतः पाहिलेली एक घटना सांगा आणि तिचा माग कसा काढाल ते सांगा.

घराचं मात्र आधी बघा. शॅननला भाड्याची घरं पटकन मिळत नाहीत, लिमरिकलाही शोधा. रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं आहे.