आयफोनवरचे फोटो स्टुडिओत उघडत नाहीत. जेपीजी करावेत की पीएनजी? ऑनलाइन साइट सुरक्षित असते का?

"गावातल्या स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटर जुनाट आहे, म्हणून ताईच्या साखरपुड्याचे फोटो उघडत नाहीत," असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. त्या 'जुनाट' शब्दामुळे लिहायला बसलो. नाहीतर एचईआयसीवर, म्हणजे आयफोन ज्या प्रकारच्या फाइलीत फोटो ठेवतो त्यावर, उत्तरं द्यायला इथे तज्ज्ञांची कमी नाही.

माझं दापोली तालुक्यात झेरॉक्स आणि फोटो प्रिंटिंगचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी मागच्या खोलीत डार्करूम होती, आता तिथे लॅमिनेशनचं मशीन आहे. 'तुझा कॉम्प्युटर जुना' हे वाक्य मी गणपती, शिमगा आणि मे महिना असं वर्षातून तीनदा ऐकतो. पहिल्यांदा ते ज्याने ऐकवलं तो माझा सख्खा चुलतभाऊ आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी तुमचं काम उरकतो. जेपीजी करा. पीएनजी लोगो, स्क्रीनशॉट, पत्रिकेचं डिझाइन यांच्यासाठी ठीक आहे. साखरपुड्याचे फोटो पीएनजी केलेत तर दोन-तीन एमबीची फाइल पंधरा-वीस एमबीची होईल आणि प्रिंटमध्ये तिळाएवढा फरक दिसणार नाही. फोनमध्ये आयओएस 16 किंवा त्यापुढचं असेल तर फोटो कॉपी करून फाइल्स ॲपमधल्या एखाद्या फोल्डरात पेस्ट करा. तिथे 'कन्व्हर्ट इमेज' मिळतं. जेपीजी निवडा, साइज मूळचीच ठेवा आणि हा फोल्डर स्टुडिओत द्या. यापुढचे फोटो जेपीजीच निघावेत असं वाटत असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'. बास.

आता त्या चुलतभावाची, म्हणजे दादाची गोष्ट. मे 2020 मध्ये तो पास काढून मुंबईहून गावी आला, चौदा दिवस शाळेच्या वर्गात राहिला आणि घरी येऊन जेमतेम टेकतोय तोच 3 जूनला निसर्ग वादळ आलं. जमिनीवर चढलं ते श्रीवर्धन-दिवेआगरकडे, पण दापोली-मंडणगडलाही त्याने सोडलं नाही. दुपारच्या दोन-तीन तासांत आमच्या वाडीतल्या पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांचे पत्रे उडाले, त्यातले तीन शेजारच्यांच्या विहिरीत सापडले. वाडीचा विमा नव्हता, त्या दोन खोल्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने आयफोनवर 212 फोटो काढले. चांगले काढले, हे मी कबूल करतो. एक तर अजून माझ्या दुकानात लावलेला आहे. मोडून पडलेल्या पोफळीच्या शेंड्याला हिरव्या सुपारीचा घोस जसाच्या तसा, खाली जायफळाचं झाड दबलेलं, आणि मागे काकू हातात कोयता घेऊन उभी, कुठून सुरुवात करावी हे न कळल्यासारखी.

लाइट नव्हती, रेंज नव्हती. आठवडाभराने दुकानाशेजारच्या हॉटेलवाल्याने जनरेटर लावला. त्याच्यावर माझा कॉम्प्युटर आणि गावातले तीस-चाळीस मोबाइल एकाच वेळी. दादाने केबलने फोटो आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर घेतले, पेनड्राइव्हवर टाकले आणि माझ्याकडे आला. "विम्याला पाठवायचेत, प्रिंट काढ." मी पेनड्राइव्ह लावला. 212 फाइली आणि प्रत्येकीवर कोरा पांढरा कागद. नावापुढे एचईआयसी.

तेव्हा माझ्याकडे विंडोज 7 होतं. हे लपवत नाही. त्या वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टने त्याला अपडेट देणं बंद केलं होतं, तेही मला माहीत होतं. पण आधार कार्डाची झेरॉक्स आणि सात-बाराची प्रिंट काढायला त्याहून जास्त लागत नाही.

"तुझा कॉम्प्युटर जुना आहे," दादा म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला आणि एफ-2 दाबून एकेका फाइलीचं नाव बदलायला लागला. एचईआयसी पुसायचं, जेपीजी लिहायचं. विंडोज दर वेळी विचारत होतं की असं केलंत तर फाइल कदाचित वापरता येणार नाही, करू का? हा दर वेळी 'यस'. असं 212 वेळा. पाऊण तास गेला. बाहेर लोक चार्जिंगसाठी रांगेत आणि जनरेटरचं डिझेल तासावर. शेवटी कोऱ्या कागदांच्या जागी फोटोचं चित्र दिसायला लागलं. "बघ, झाले जेपीजी!" उघडले, तर एकही उघडेना.

मी त्यातली एक फाइल उजवी क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडली. नोटपॅडला फोटो कळत नाही, तो आतले बाइट अक्षरांसारखे ओकतो. सगळा कचरा दिसतो, पण अगदी पहिल्या ओळीत स्वच्छ इंग्रजी अक्षरं होती: एफटीवायपी एचईआयसी. शेजारी माझ्या दुकानातला एक खरा जेपीजी तसाच उघडला, त्याच्या सुरुवातीला ही अक्षरं नव्हती. फाइल कुठल्या जातीची आहे ते ती स्वतःच्या पोटात लिहून ठेवते, नाव ही बाहेरची चिठ्ठी. मी म्हटलं, "दादा, वाशीला कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकतात म्हणून दर मे महिन्यात ओरडतोस तो तूच ना? मग पेटी बदलून आंबा कसा बदलेल?"

तो उठून गेला. जाताना म्हणाला, "ॲपलने शोधलेली टेक्नॉलॉजी आहे, तुझ्या डबड्याला कशी कळणार!"

हेही खोटं. एचईआयसी ज्याचा एक प्रकार आहे तो एचईआयएफ हा फॉरमॅट एमपेगवाल्यांनी, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओचे फॉरमॅट ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने, 2015 मध्ये ठरवला. ॲपलने 2017 मध्ये आयओएस 11 बरोबर आयफोन 7 आणि पुढच्या मॉडेलांना तो लावून दिला, एवढंच. आत व्हिडिओसाठी बनवलेलं एचईव्हीसी कॉम्प्रेशन आहे, त्यामुळे तितक्याच दर्जाचा फोटो जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो. जेपीजी 1992 चा आहे. जुना आहे म्हणूनच जगातलं प्रत्येक डबडं त्याला ओळखतं. जुनं असणं हा दरवेळी दोष नसतो, हे मला त्याच दिवशी सांगायचं होतं, पण रांगेतल्या बाईच्या मोबाइलची पिन सापडत नव्हती.

पुढे दादाने हेच नाव बदललेले फोटो रेंज मिळेल तिथे जाऊन लॅपटॉपवरून विम्याच्या सर्व्हेअरला मेल केले. गंमत म्हणजे फोनवरच्याच मेल ॲपमधून पाठवले असते तर फोनने आपसूक जेपीजी करून दिले असते. चार दिवसांनी उत्तर आलं, फाइली उघडत नाहीत. मग त्याने सगळे मला व्हॉट्सॲपवर पाठवले. ते उघडले, कारण व्हॉट्सॲप जेपीजी करूनच पाठवतं. दादा खूश. फोनमधली जागा संपत आली होती म्हणून त्याने मूळ फोटो उडवले. 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ते तीस दिवस राहतात, तर तिथूनही उडवले.

सर्व्हेअरने आता विचारलं, हे फोटो कधीचे? व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, आणि फोटोच्या पोटातली तारीख, वेळ, जागा ही सगळी माहितीही काढून टाकतं. माझ्याकडच्या फाइली 19 जूनच्या दिसत होत्या. 19 जूनपर्यंत आम्ही एका खोलीवर नवे पत्रे चढवलेसुद्धा होते. पावसाळा तोंडावर, सर्व्हेअरची वाट कोण बघणार?

आणि मग मला पेनड्राइव्ह आठवला. दादाने नाव बदललं होतं, पण नाव बदलल्याने आतला एक बाइटही हलत नाही. म्हणजे मूळ 212 फोटो चुकीच्या चिठ्ठ्या लावून पेनड्राइव्हवर सुखरूप होते. मी कमांडच्या एका ओळीत सगळ्यांची नावं परत एचईआयसी केली (त्याला पाऊण तास लागला होता, मला दहा सेकंद, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही). रत्नागिरीला शिकणारी भाची लॉकडाउनमुळे घरीच अडकली होती, तिच्याकडे मॅकबुक. प्रिव्ह्यूमध्ये सगळे उघडायचे, सिलेक्ट करायचे, एक्स्पोर्ट, जेपीजी. पाच मिनिटं. फोटोच्या माहितीत 4 जून 2020, सकाळी सात वाजून बारा मिनिटं. विम्याचे पैसे आले, मागितले त्याहून कमी, पण आले.

आता दादा दर गणपतीत आरतीनंतर ही गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत शहाणा तोच, कारण "मी पेनड्राइव्हवर ठेवले म्हणून वाचलो." आणि कॉम्प्युटर माझा जुना.

बरं, तुमचा ऑनलाइन साइटचा प्रश्न. साखरपुड्याचे फोटो एखाद्या साइटवर चढवून कन्व्हर्ट केले म्हणून आभाळ कोसळणार नाही. पण ते परक्याच्या कॉम्प्युटरवर जातात, आणि फोटोत घराचं ठिकाणही लिहिलेलं असू शकतं. दुकानात पोरं आधार कार्ड, पासबुक, नवरदेवाचा बायोडाटा असल्या साइटवर टाकताना बघतो तेव्हा हात धरावासा वाटतो. जे काम फोन स्वतः फुकट करतो त्यासाठी परक्याच्या दारात का जायचं?

विंडोज 10 किंवा 11 असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफ एक्स्टेन्शन फुकट मिळतं. त्याच्या जोडीला एचईव्हीसीचंही लागतं, त्याला किरकोळ पैसे मागतात. एकदा फोटो दिसायला लागला की पेंटमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' जेपीजी. दोन-चार फोटोंना बरं, दोनशेंना नाही. केबलने फोटो घेत असाल तर आयफोनच्या फोटोजच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, तिथे 'ऑटोमॅटिक' ठेवा, म्हणजे फोनच जेपीजी करून देतो. दादाचं 'कीप ओरिजिनल्स'वर होतं. हे मला दोन वर्षांनी कळलं. त्याला अजून सांगितलेलं नाही, या उत्तराची लिंक पाठवीन.

सॅमसंगवाल्यांनीही फार हसू नये. त्यांच्या कॅमेऱ्यात 'हाय एफिशिअन्सी पिक्चर्स' नावाचं बटण असतं, ते चालू राहिलं की हेच रामायण.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. 'मोस्ट कम्पॅटिबल' केलंत की फोटो जवळपास दुप्पट जागा खातात आणि 4के व्हिडिओ सेकंदाला 60 फ्रेमवर काढता येत नाही. लग्नाचा व्हिडिओ त्या फोनवर काढणार असाल तर ते सेटिंग लग्न झाल्यावर बदला. आणि जेपीजी दर वेळी नव्याने सेव्ह केला की थोडा झिजतो. एचईआयसीवरून एकदाच करा, मूळ फाइली जपून ठेवा, अल्बम हातात पडेपर्यंत तरी उडवू नका. कुणाला मूळ फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तारखेसकट जातो.

हेही खरं की फाइल्समधली कन्व्हर्टची सोय 2022 ची, दादाला 2020 मध्ये ती नव्हती. तेवढी सूट त्याला देतो. एफ-2 ची नाही.

राहता राहिला तुमचा स्टुडिओवाला. त्याच्याकडचं प्रिंटिंगचं मशीन ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते कदाचित नव्या विंडोजवर चालतच नसेल, माझं चालत नव्हतं. फक्त कॉम्प्युटर बदलून भागत नाही, मशीनही बदलावं लागतं, आणि चार बाय सहाच्या फोटोला गिऱ्हाईक किती पैसे देतं ते तुम्हालाही माहीत आहे. मी 2023 मध्ये बदललं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. तेव्हा फोल्डर द्यायला जाल तेव्हा त्याला जुनाट म्हणू नका, आणि जमलं तर प्रश्नातूनही तो शब्द काढा.