प्रायोगिक चित्रपटातून देशांच्या सीमा आणि स्थलांतराकडे नव्यानं बघता येतं का? स्वतः करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

बघता येतं. आणि सुरुवात नकाशा काढून टाकण्यापासून करा. मी एकदा नकाशा घातला होता, ते मला अजून सलतं.

मी उल्हासनगरची, कॅम्प नंबर चारची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणीत ठेवलं, तिचंच १९४९ साली उल्हासनगर झालं. आमच्या शेजारच्या दादी नऊ वर्षांच्या असताना कराचीहून बोटीनं मुंबईला आल्या. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी त्यांच्यावर अकरा मिनिटांची फिल्म केली. त्यात दादींचा चेहरा नव्हता. त्या कराचीतलं घर सांगत होत्या, जिना कुठं, माठ कुठं, गच्चीत वारा कुठून यायचा, आणि कॅमेरा त्यांच्या बराकीतल्या खोलीत फिरत होता. त्या ‘इथं जिना’ म्हणायच्या तिथं पडद्यावर लोखंडी कपाट. साठ वर्षं या खोलीत राहून बाई त्या घरात वावरत होती, आणि ते दिसत होतं.

आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, “प्रेक्षकाला कळणार कसं? नकाशा टाक, लाल रेघ दाखव, किती लोक आले तो आकडा दे, वर निवेदन घाल.” मी घातलं. मार्क चांगले पडले.

दादींना मी दोन्ही फिल्म दाखवल्या. नकाशावालीत लाल रेघ आली तशा त्या चहाचे कप उचलून आत गेल्या, परत बसल्याच नाहीत. दुसरी मात्र त्यांनी मध्येच थांबवायला लावली. “जिना तिकडं नाही, या भिंतीला.” उठून भिंतीशी उभ्या राहिल्या आणि सिंधीत पायऱ्या मोजायला लागल्या. चौदापर्यंत आल्या नि थांबल्या. पंधरावी मोडकी आहे, तिच्यावर पाय ठेवायचा नाही, असं मला बजावलं. माझा कॅमेरा तेव्हा पिशवीत होता.

नकाशा दाखवला की प्रेक्षक वरून बघायला लागतो, म्हणजे रेघ ओढणाऱ्याच्या जागेवरून. घर सोडून निघालेल्याला ती जागा कधीच मिळत नाही. सर आम्हाला बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे हे अभिमानानं सांगत. त्याच घटकांच्या ‘कोमल गांधार’मध्ये (१९६१) पद्मा नदीच्या काठी रूळ संपतात, पलीकडे तेव्हाचा पूर्व पाकिस्तान. कॅमेरा त्या रुळांवरून सुसाट धावतो, शेवटच्या अडसरावर आदळतो आणि पडदा काळा होतो. फाळणी पोटात कळते. सरांनी तो शॉट आम्हाला दोनदा दाखवला होता. मग मला लाल रेघ का घालायला लावली?

माहितीपटकार अमर कंवर यांची ‘अ सीझन आउटसाइड’ (१९९७) जरूर बघा. वाघा सीमेवर इकडच्या हमालाच्या डोक्यावरचं ओझं तिकडच्याच्या डोक्यावर जातं. पाय मात्र रेषेशी थांबतात. बेल्जियन दिग्दर्शिका शान्ताल आकेरमाननं २००२ साली मेक्सिको-अमेरिका सीमेवर केलेल्या फिल्ममध्ये कॅमेरा कुंपणाच्या कडेनं नुसता चालत राहतो. कुंपणाच्या लांबीचा आकडा आपण वाचून विसरतो. हे चालणं अंगावर येतं.

कॅमेरा कुठलाही चालेल. एक माणूस घ्या, एक खोली घ्या, आवाज आधी गोळा करा.

एक मात्र आहे. ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत अशा माणसावर फिल्म करत असाल, तर चेहरा, गल्ली, दुकानाची पाटी काहीही ओळखू येऊ देऊ नका. दादींना कुणी हाकलणार नव्हतं, त्याला हाकलतील. आणि नुसता लांब शॉट लावला म्हणजे विचार होत नाही. तसल्या कंटाळवाण्या फिल्म मीही पाहिल्यात. प्रेक्षक अगदीच परका असेल तर सुरुवातीला दोन ओळी लिहा, एवढं सरांचं मी मानते. दोनच ओळी, आकडा नको.

गेल्या वर्षी मी ती फिल्म पुन्हा एडिट केली. नकाशा काढला, निवेदन काढलं. पायऱ्यांचा आवाज माझ्याकडे नाही, म्हणून तिथं बारा सेकंद ती भिंत ठेवली आहे.