कट मारत बाईक चालवताना पोलिसांनी हात दाखवला, तर थांबावं की निसटावं?

थांबा. निसटायचा विचारही नको.

इंडिकेटर द्या, आरसा बघा, हळूहळू कडेला घ्या. इंजिन बंद करा, स्टँड लावा, हेल्मेटची काच वर करा. हात हँडलवरच राहू द्या आणि कागद मागितल्यावरच खिशात हात घाला. समोरच्याला तुमचा चेहरा आणि हात दिसले की निम्मा ताण तिथेच उतरतो. चूक झाली असेल तर वाद घालू नका. दंड मान्य नसेल तर पावती घ्या आणि नंतर रीतसर दाद मागा. रस्त्यावर आवाज चढवून कुणाचाच दंड माफ झालेला मी पाहिलेला नाही.

पळालात तर काय होतं? ताशी 80 किमी वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे ब्रेकपर्यंत बोट पोहोचायच्या आतच तेवढं अंतर संपतं. त्यात लक्ष सगळं मागे, आरशात. पुढून कुणी रस्ता ओलांडत असेल तर दिसणारच नाही. नंबर मात्र टिपलेला असतोच.

मला एकदा असंच अडवलं होतं. हवालदार काही न बोलता खाली वाकले, मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हात लावून बघ." नक्षी जवळजवळ गेलेली, मधला पट्टा गुळगुळीत. त्या टायरवर मी ओल्या रस्त्यावर गाडी तिरकी करत होतो! दंड भरला आणि गाडी ढकलत टायरवाल्याकडे नेली.