अलियास कधी चालतात, कधी नाही

प्रश्न: अलियास (लांब कमांडना दिलेली छोटी नावं) मी बॅशच्या '.बॅश_प्रोफाइल' या सेटिंग्ज फाइलमध्ये लिहिले आहेत. एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर) लॉगिन केलं की चालतात, पण लिनक्सवर टर्मिनलची नवी खिडकी उघडली की गायब! शिवाय दोन्ही संगणकांवर सेटिंग्ज सारखी कशी ठेवावीत?

उत्तर: '.बॅश_प्रोफाइल' ही फाइल फक्त लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताना सुरू होणारा शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम, इथे बॅश) वाचतो. नव्या खिडकीतला शेल बहुधा तसा नसतो, तो '.बॅशआरसी' वाचतो. म्हणून अलियास '.बॅशआरसी'त हलवा आणि '.बॅश_प्रोफाइल'मधून ती फाइल 'सोर्स' करा, म्हणजे तीही वाचली जाईल. मात्र '.बॅशआरसी'त 'इको'ने स्वागताचे संदेश छापू नका, त्याने एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) बिघडू शकतं. (तसेही ते दोन दिवसांत नकोसे होतात.)

दोन संगणकांसाठी सगळ्या फाइल्स 'डॉटफाइल्स' फोल्डरमध्ये हलवून ते गिटमध्ये (फाइल्समधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवा आणि मूळ जागी 'एलएन -एस'ने सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) करा. 'डॉटफाइल्स'मधल्या फाइलचा पूर्ण पाथ (पत्ता) द्या. सापेक्ष पाथ लिंक जिथे आहे तिथून मोजला जातो, आणि लिंक तुटकी निघू शकते. काही ॲप्स सेव्ह करताना जुनी फाइल काढून नवी ठेवतात, मग लिंकच्या जागी साधी फाइल उरते. 'एलएस -एल'मध्ये बाण दिसत नसेल तर हेच झालंय. पासवर्ड, खासगी किल्ल्या (प्रायव्हेट की) गिटमध्ये टाकूच नका: नंतर पुसल्या तरी इतिहासात राहतात.