ब्लीच केलेले सोनेरी केस घरच्या घरी चंदेरी करायचे असतील, तर टोनर कोणता घ्यावा आणि तो किती वेळ ठेवावा?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत, पण त्यांच्या आधी तिसरी येते, ती म्हणजे आपले केस आत्ता नेमके किती पिवळे आहेत. टोनर केस उजळवत नाही. केसांत उरलेल्या पिवळेपणावर तो जांभळ्याचा उतारा देतो, एवढेच त्याचे काम. चंदेरी छटा हवी असेल, तर केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिके झालेले असावे लागतात, म्हणजे रंगांच्या तक्त्यावर १ ते १० पैकी १० वर. ८ वर अडकलेल्या केसांवर कितीही महागडा टोनर ओतला आणि कितीही वेळ ठेवला, तरी चंदेरी उतरणार नाही.

हे मी इतके ठासून सांगते, कारण याच एका मुद्द्यावरून मी पणजीतल्या एका पार्लरमधली नोकरी सोडली. कार्निव्हलचे दिवस होते. चित्ररथावर नाचणाऱ्या एका पथकातली मुलगी आदल्या दिवशी दुपारी आली आणि तिला चंदेरी केस हवे होते. तिचे मूळचे केस काळेभोर. कोणीतरी घाईघाईने ४० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरने (ब्लीचमध्ये किंवा टोनरमध्ये कालवायचे पेरॉक्साइडचे द्रावण; व्हॉल्यूम म्हणजे त्याची तीव्रता) ब्लीच करून दिलेले, त्यामुळे मुळांशी फिके पिवळे आणि खाली नारिंगीकडे झुकलेले. मुळांशी डोक्याची ऊब असते, म्हणून तिथे ब्लीच लवकर चढते. ते भान न ठेवता वरपासून खालपर्यंत एकदमच लावले की असे होते. मी मालकीणबाईंना सांगितले की, हे केस आज चंदेरी होणार नाहीत. त्यांनी माझ्याकडे न पाहताच निळ्या झाकेचा राखी टोनर कालवायला घेतला आणि म्हणाल्या, ‘जास्त वेळ ठेवला की येतो बरोबर.’ पाऊण तासाने केस धुतले, तेव्हा वरचा भाग शेवाळी आणि खालचा मळकट तपकिरी निघाला. यात नवल काहीच नव्हते, कारण पिवळ्यावर निळा चढला की हिरवाच होणार आणि नारिंगीवर चढला की मातकट होणार. मुलीला मात्र सांगण्यात आले, ‘तुझे केसच वाईट आहेत.’

हे वाक्य मला आजही सहन होत नाही. ती रडवेली होऊन माझ्याकडे बघत राहिली. मी तिला बेसिनशी नेऊन तिचे केस खोलवर स्वच्छ करणाऱ्या शाम्पूने धुतले, त्यावर उबदार बेज छटा अगदी पातळ करून लावली आणि हिरवटपणा मारला. चित्ररथावर ती मधाळ सोनेरी केसांनी नाचली आणि छान दिसली. चंदेरी आम्ही नंतर केले, केसांना पुरेशी विश्रांती देऊन, माझ्या घरी. या वेळी २० व्हॉल्यूमचे डेव्हलपर घेऊन बारीक बारीक बटा वेगळ्या केल्या आणि ब्लीच फक्त नारिंगी राहिलेल्या भागाला लावले. मग जांभळ्या झाकेचा टोनर. दर पाच मिनिटांनी मी एक बट टिश्यूने पुसून खिडकीच्या उजेडात धरत होते, कारण ओल्या केसांवर रंग गडद दिसतो आणि भांड्यातले मिश्रण हवा लागून जांभळे-काळे होते, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. बटेतला पिवळा विरला आणि मोत्यासारखा करडा दिसू लागला, तशी मी तिला लगेच डोके धुवायला बसवले. बाटलीवर लिहिलेल्या वेळेतली बरीच मिनिटे तेव्हा शिल्लक होती.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. बाजारात वेला कंपनीचा टी-१८ हा टोनर सर्रास मिळतो. तो जांभळ्या झाकेचा असून एक भाग टोनर आणि दोन भाग २० व्हॉल्यूमचे डेव्हलपर असा कालवतात, आणि अर्ध्या तासाच्या पुढे ठेवत नाहीत. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ३० किंवा ४० घेऊन टोनर लवकर बसवण्याचा मोह आवरावा. केस १० वर असतील, तर हे घरी नक्की जमते. ८ वर असतील, तर आधी ब्लीच लागेल, आणि ब्लीच मात्र घरी एकटीने करू नये, कारण मागच्या बाजूचे केस आपले आपल्याला दिसत नाहीत. टोके सच्छिद्र झालेली असतात, ती रंग चटकन ओढतात आणि जांभळी पडतात; म्हणून टोनर टोकांना शेवटी लावावा.

टिकण्याबाबत कोणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून सांगते. चंदेरी छटा साधारण महिना-दीड महिनाच राहते, आणि आपल्याकडे त्याहूनही कमी. आपण गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या असाल आणि विहिरीच्या पाण्याने न्हात असाल, तर बादलीच्या तळाशी तांबूस थर बसतो का ते पाहावे. बसत असेल, तर तेच लोह केसांवरही बसते आणि चंदेरी पुन्हा पिवळी पडते. अशा वेळी जांभळा शाम्पू पुरा पडत नाही, धातू काढणारा शाम्पू अधूनमधून वापरावा लागतो. पोहण्याच्या तलावातल्या पाण्यात तांबे असेल, तर हिरवट झाक येते. उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून घ्यावेत.

पार्लरमध्येच जायचे ठरवले, तर खुर्चीत बसण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: माझे केस कितव्या पातळीवर आहेत, आणि डेव्हलपर किती व्हॉल्यूमचे घेणार. उत्तरादाखल ‘तुम्ही काळजी करू नका’ एवढेच मिळाले, तर सरळ उठून यावे. पंचवीस वर्षे धंद्यात असल्याचे मला त्या मालकीणबाईंनीही ऐकवले होते.

दोन सूचना राहून गेल्या. टोनरमधल्या रंगद्रव्यांची काहींना जबर ॲलर्जी असते, म्हणून ४८ तास आधी कानामागे थोडे लावून पाहावे. आणि केसांना पूर्वी बाजारी काळी मेंदी लावली असेल, तर तिच्यात धातूचे क्षार असू शकतात, जे पेरॉक्साइडशी भिडले की केस अक्षरशः तापतात आणि तुटतात. तसे असेल, तर पूर्ण डोक्याला काहीही लावण्यापूर्वी कापलेल्या चार केसांवर प्रयोग करावा, आणि तोही धातूच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या वाटीत.