वाचक विचारतात : ताकद वाढवू, की वजन उतरवू?

प्रश्न : माझ्याकडे २०२१ची बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे. रविवारी पहाटे महूवरून जाम गेटपर्यंत फेरी, महिन्यातून एकदा आई-बाबांना घेऊन उज्जैन किंवा ओंकारेश्वर, बाकी ऑफिस. आता जरा खरीखुरी स्पोर्ट्स कार घ्यावी असं वाटतंय. नवी एम२ आणि वापरलेली पोर्शे ७१८ केमन या दोन गाड्यांवर गाडं अडलं आहे. पीथमपूरचा ट्रॅकही घराजवळच आहे. बदलू का?
– वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : या हिवाळ्यात तरी बदलू नका. आधी वजनकाटा बघा.

आपल्या गाडीची ताकद ३८७ हॉर्सपॉवर आणि वजन साधारण पावणेदोन टन, म्हणजे टनामागे २२० च्या आसपास. दोन लिटर इंजिनाच्या साध्या केमनची ताकद ३०० आणि वजन १३६५ किलो. भागून बघा, तिथेही २२०च येतात. शून्य ते शंभरला आपली गाडी ४.४ सेकंद घेते. केमन ४.९ घेते आणि स्पोर्ट क्रोनो हे जादा पॅकेज असेल तर ४.७. सुपर कॉरिडॉरवर सिग्नल सुटल्यावर केमन आपल्याला मंदच वाटेल, हे आधीच लक्षात असू द्या. या एका गोष्टीवरून कित्येकजण सहा महिन्यांत गाडी विकायला काढतात.

केमनचा फायदा दिसतो तो ब्रेक मारताना आणि वळताना. ताशी १८० वरून ७२ वर यायचं, तर चालकासकट १८२० किलोच्या गाडीचे ब्रेक सुमारे १९ लाख ज्यूल उष्णता गिळतात. १४४० किलोच्या गाडीला १५ लाखांत भागतं. दर वळणाला वीस टक्के उष्णता वाचली, की पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल आणि टायर सगळेच जास्त वेळ टिकतात. शिवाय इंजिन चालकाच्या पाठीमागे, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये असल्यामुळे नाक हलकं राहतं आणि स्टिअरिंग वळवताच गाडी वळते. आपल्या गाडीत सहा सिलिंडरचं इंजिन पुढच्या चाकांवर आहे. वळणात वेगाने शिरलात की ती आधी सरळ जाऊ बघते आणि मग वळते.

एम२ ही वेगळ्याच गोष्टीवरचा उपाय आहे. २०२३ मध्ये आली तेव्हा तिची ताकद ४६० होती आणि एक्स-शोरूम किंमत ९८ लाख. मात्र वजन १७०० किलोच्या वरच, म्हणजे आपल्या गाडीएवढंच. जास्तीचे पैसे कशाचे? मोठे ब्रेक, इंजिन थंड ठेवायची जास्त तजवीज आणि हवा असल्यास हाती गिअर. वीस मिनिटं न थांबता ट्रॅकवर पळवलं तरी ती दमत नाही. जाम गेटच्या रस्त्यावर यातलं काहीच कामाला येणार नाही. तिथे रविवारी सकाळी मोटरसायकली, गुरं, सेल्फीवाले आणि पावसाळ्यात धुकं. ४०-५० च्या वेगात ३८७ ची ताकदसुद्धा पाव पेडल दाबूनच भागते. आणि एम२ दोन दारांची आहे. मागे बसायला सीट पुढे ढकलून वाकून आत शिरावं लागतं. आपल्या आईंना ओंकारेश्वरपर्यंत ते चालेल का, हे त्यांनाच शोरूममध्ये नेऊन विचारा.

पीथमपूरबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. नॅट्रॅक्सचा जून २०२१ मध्ये सुरू झालेला हायस्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटर लांब, १६ मीटर रुंद आणि अंडाकृती आहे. ती कंपन्यांच्या चाचणीची जागा आहे, रविवारी हेल्मेट घेऊन फाटकावर उभं राहून आत सोडत नाहीत. समजा सोडलं, तरी तिथे टॉप स्पीड कळेल, आणि आपला प्रश्न टॉप स्पीडचा नाही. तो सुटेल ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. ५.१२५ किलोमीटरची फेरी, १६ वळणं, आणि एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला जोरदार ब्रेक. इंदूरहून सुमारे आठशे किलोमीटर पडतं. हीच गाडी तिथल्या एका ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) घेऊन जा आणि तीन गोष्टी बघा.

चार-पाच फेऱ्यांत पेडल मऊ पडलं पण गाडी चालवायला मजा आली, तर ब्रेक ऑइल आणि पॅड बदला, गाडी ठेवा. ब्रेक ठीक असून लांब वळणात नाक बाहेर जातंय, पुढच्या टायरची बाहेरची कड झिजतेय, तर आधी कॅम्बर (चाकाचा वरून आतल्या बाजूचा झुकाव) वाढवून आणि चांगले टायर टाकून बघा. तरीही तीच बोच राहिली, तर आपल्याला हलकी गाडी हवी आहे, म्हणजे केमन. आणि गाडी दिवसभर टिकली, फक्त वळणातून बाहेर पडताना आणखी जोर हवासा वाटला, तर एम२. वर्षातून तीन-चार वेळा जाण्याचा उत्साह नसेल, तर दोन्ही नकोत.

केमन घेतलीत तर तिच्यासोबत चार दारांची साधी गाडी घरात हवीच. आमच्या मते केमन आणि एक जुनी हॅचबॅक ही जोडी एकट्या एम२ पेक्षा सरस आहे. पेट्रोल ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, तेव्हा वापरलेलीच बघावी लागेल. विकणाऱ्याकडे इंजिन कंट्रोल युनिटचा ओव्हर-रेव्ह रिपोर्ट, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याच्या नोंदी, मागा. सहा टप्पे असतात. खालच्या टप्प्यांतल्या नोंदी चालतात. वरच्या दोन-तीन टप्प्यांत नोंद असेल आणि गाडी हाती गिअरची असेल, तर चुकून खालचा गिअर पडलेला आहे. पुढच्या बंपरच्या जाळीत टॉर्च मारून बघा. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर तिथेच असतात, पाला-माती साचून ओल धरते आणि ते सडतात. टायरवरचा चार आकडी कोड वाचा : ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचा रबर कडक झालेला असतो, तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

प्रश्न : पहिल्यांदाच ट्रॅक डेला जाणार आहे. कंपनीची सर्व्हिस नुकतीच झाली आहे. आणखी काही करावं लागतं का?
– वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : लागतं, आणि सगळ्यांत आधी ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. मानकाप्रमाणे डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की हाच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. ट्रॅकसाठी मिळणारं डॉट ४ कोरडं असताना ३०० अंशांच्या वर तग धरतं, मात्र ते दरवर्षी बदलायचं. सिलिकॉनचं डॉट ५ हे निराळंच ऑइल आहे, ते चुकूनही यात मिसळू नका.

एक लिटर ऑइल घ्या, डबा सीलबंद हवा. जुनं ऑइल एकेका चाकाच्या ब्रेकमधून काढायचं असतं. उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा असतो. मॅन्युअलमध्ये वेगळा दिला असेल तर तो धरा. दर चाकाला रंग बदलेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत सोडा. वरची टाकी रिकामी पडू देऊ नका. हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरली तर स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट कॅलिपरमधल्या ऑइलला जाते. नवे पॅड टाकले तर मोकळ्या रस्त्यावर शंभरवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा. मध्ये पूर्ण थांबू नका, आणि नंतर दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता चालवून गार करा. ट्रॅकचे पॅड गार असताना कमी धरतात आणि शहरात किंचाळतात, म्हणून घरी आल्यावर जुने परत बसवा.

चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. सध्याच्या बीएमडब्ल्यूच्या एम१४ बोल्टला १४० न्यूटन-मीटर. पहिल्या सत्रानंतर चाकं गार झाली की पुन्हा तपासा. गरम टायरमध्ये हवा सहा ते दहा पीएसआयने चढते, तेव्हा सत्र संपताच मोजा आणि ३४ ते ३६ च्या दरम्यान आणा. संध्याकाळी निघण्यापूर्वी पुन्हा भरायला मात्र विसरू नका. गार झाल्यावर तेच टायर २६-२७ वर येतात आणि तसेच आठशे किलोमीटर पळवले तर बाजूची भिंत तापून फाटते.

पायाखालच्या चटया काढा. पुढची टोईंग रिंग आधीच लावून ठेवा. दर सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता, हळू. पिटमध्ये हँडब्रेक लावू नका, चाकाखाली ठोकळा टाका : तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिले की त्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि मग ब्रेक मारताना गाडी थरथरते. फेरीत पेडल मऊ झालं तर ऑइल उकळलंय. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड जळालेत. दोन्हींचं तात्पुरतं औषध एकच, बाहेर येऊन वीस मिनिटं थांबणं.

आणि विमा. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर ठोकलीत तर तो खर्च आपला, असं धरूनच जा.

प्रश्न : आमच्या कॉलनीतले ब्रेकर भयंकर आहेत. खाली बसलेली गाडी निघेल की नाही, हे घेण्यापूर्वी कसं कळेल?
– वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : सुतळी आणि मोजपट्टी घ्या. गाडीच्या माहितीपत्रकातून पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर काढा : केमनचं २.४७ मीटर, एम२ चं २.७५. तेवढी सुतळी दोघांनी गाडी जाते त्या दिशेने ब्रेकरवरून, दोन्ही टोकं जमिनीला टेकवून धरायची. ब्रेकरचा माथा या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या किती वर जातो ते मोजा. तेवढी जागा पोटाखाली हवी, वर दोन सेंटिमीटर माणसं आणि सामान यांसाठी.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाचा गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो चाकांमधल्या अंतराहून रुंद, त्यामुळे अख्खी गाडी त्यावर चढते आणि केमनच्या पोटाला साडेचार सेंटिमीटर, एम२ ला साडेपाच पुरतात. घात करतो तो कॉलनीवाल्यांनी सिमेंट ओतून केलेला, हातभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच ढिगारा. पुढची चाकं उतरतात, मागची चढायची असतात आणि पूर्ण १५ सेंटिमीटर पोटाखाली येतात. तिथे नाक उचलणारी लिफ्टही अर्धीच उपयोगाची. तिरकी घातलीत तर एकेक चाक चढतं आणि थोडी जागा मिळते.

टायरचाही हिशेब करा. एम२ च्या मागच्या २८५/३० आर२० टायरची भिंत साडेआठ सेंटिमीटर, साध्या केमनच्या २६५/४५ आर१८ ची जवळजवळ बारा. खड्ड्यात रिम वाचवायला हे साडेतीन सेंटिमीटर पुष्कळ. त्यामुळे केमन घेताना वीस इंची चाकांच्या मोहात पडू नका. दोन्ही गाड्यांत स्टेपनी नसते. टोचन लावून ओढायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा.

प्रश्न : मुंबईची गाडी घेतोय. कागदपत्रं कोणती?
– वाचक, महू

उत्तर : जुन्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते उतरवल्याचा फॉर्म ३५. मध्य प्रदेशचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो; महाराष्ट्राचा उरलेला परतावा मागता येतो, पण तो हातात येईपर्यंत हिशेबात धरू नका. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे विकणाऱ्याचा बोनस आपल्याला मिळत नाही, आपल्या जुन्या गाडीचा मात्र नव्या गाडीवर आणता येतो.

प्रश्न : ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने आयात गाडीचं नुकसान होतं का?
– वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : टाकीच्या झाकणामागचं स्टिकर वाचा. तिथे फक्त ई१० लिहिलं असेल, तर ई२० वर चालवण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० च्या लिटरमागे जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी, आणि मायलेज त्या मानाने घटतो. खरी काळजी उभ्या गाडीची. इथेनॉल ओलावा धरतं आणि पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत तळाशी पाणी सुटू शकतं. जूनमध्ये टाकी भरूनच गाडीवर कव्हर घाला, बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा चार्जर) लावा आणि पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चालवून आणा. नुसती सुरू करून बंद केलीत तर सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी तसंच राहतं.